तुम्ही न चढलेला डोंगर

बाबा, तुम्हांला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर मला जरा थांबावं लागतं. एक वाक्य तेवढं आपसूक आठवतं, तुमच्याच आवाजात, मध्ये तुम्ही घेतलेल्या त्या छोट्याशा विरामासकट. ते तुम्ही आईबद्दल बोलला होतात आणि भरलेली खोली हसली होती. मागच्या मे महिन्यात मी आईला घेऊन जपानला, तुमच्या त्या इझू द्वीपकल्पावर जाऊन आले. फिरायला चाललोय, असं मी इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. तुमच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. मी सूड घ्यायला गेले होते.

मी दहा वर्षांची होते. नाशिकला कॉलेजच्या क्वार्टर्समध्ये आपलं दोन खोल्यांचं घर. तुम्ही भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, अभ्यासवृत्तीवर वर्षभर जपानला राहून, तिथल्या ज्वालामुखीच्या खडकांवर काम करून नुकतेच परतला होतात. डिपार्टमेंटचा स्लाइड प्रोजेक्टर घरी आणलेला, भिंतीवर धुतलेली चादर टाचण्यांनी लावलेली, सतरंजीवर तुमचे सहकारी, त्यांच्या बायका आणि पुढे आम्ही मुलं. तुम्ही उजेडाच्या झोतात उभे राहून बोलता आहात आणि समुद्र, धबधबे, देवळं एकामागून एक तुमच्या शर्टावरून सरकताहेत. मग तो डोंगर येतो, ओमुरो. हिरव्या मखमलीची उपडी घातलेली वाटी, असं तुम्ही म्हणता. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं गवत, आणि त्या गवतावरून पाय सटकतो. उभा चढ. तुम्ही दोनदा दम खायला बसलात, एकदा तर परत फिरावं असं वाटलं, पण फिरला नाहीत. वर पोचलात तर एका बाजूला फुजी आणि दुसऱ्या बाजूला पसरलेला समुद्र. मग एका काकूंनी सहज विचारलं, वहिनींना का हो नाही नेलंत? "हिला नेलं असतं," तुम्ही म्हणालात, आणि थांबलात, "तर आमचा मुक्काम अजून पायथ्यालाच असता."

आई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लहानपणीच्या पोलिओने तिचा डावा पाय बारीक राहिलेला. चालताना ती त्या गुडघ्यावर हात दाबून पाऊल टाकायची, आणि हातात ट्रे असला की दर पावलाला ट्रे कलायचा, म्हणून ती कप नेहमी थोडे कमी भरायची. सगळे हसले तशी तीही हसली. मग तिने सगळ्यांना चहा दिला, तुम्हांला सगळ्यात शेवटी, आणि आत गेली. मी मागोमाग गेले तर ती ओट्याशी उभी राहून उरलेला चहा पीत होती. मला म्हणाली, "जा, बघ ना फोटो." रडत वगैरे नव्हती. तिने रडायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. तिच्या वाटचं मग मीच ठेवून घेतलं.

तुम्ही रस्त्यात नेहमी पुढे चालायचात. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, तुम्ही पुढे, मागे बऱ्याच अंतरावर आम्ही दोघी. कोपऱ्यावर तुम्ही थांबायचात, पण आम्ही जवळ येतोय असं दिसलं की लगेच पुन्हा चालू लागायचात. त्यामुळे तुमची विश्रांती व्हायची, आईची कधीच नाही. जपानहून तुम्ही तिच्यासाठी एक सुंदर लाकडी काठी आणलीत आणि तीही पाहुण्यांच्या देखतच दिलीत, आता तरी जरा झपझप चाल म्हणून. ती काठी तिने चालायला एकदाही वापरली नाही. वरच्या दोरीवर कपडे वाळत घालायला वापरली, आणि तुमचीच धोतरं त्यावरून वर चढवली. आणि तो डोंगर. तो तुम्ही आम्हांला जन्मभर पुरवलात. मी गणितात मागे पडले की ओमुरो. ताप आला म्हणून शाळा बुडवली की ओमुरो. 'मी नाही परत फिरलो.' तुमच्या निरोपसमारंभात तुम्ही तो चढलात आणि तुमच्या शोकसभेत दुसऱ्या कोणीतरी तुमच्या वतीने पुन्हा चढला. आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून ऐकत होती.

नंतर मी तिला इकडे आणलं. ट्रॉयला माझी नोकरी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. मूळ कंपनी जपानी, त्यामुळे अधूनमधून तिकडे जाणं होतं आणि मोडकंतोडकं बोलता येतं. आई इथे रमली. हिवाळ्यात बाहेर बर्फ असतं, तेव्हा सकाळी मॉल उघडला की इथल्या काही आज्या तिथे आतल्या आत चालायला जातात, त्यांच्यात ही जाते. आता तिच्याकडे चाकांचा वॉकर आहे, त्याला बसायला सीटही आहे. दमली की ब्रेक लावते, बसते, पुन्हा उठते. तिच्यासाठी सगळ्या बायका थांबतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बराच वेळ बसले होते. तिथेच ठरवलं की हिला तिकडे न्यायचं. तुमची एकेक जागा तुमच्याकडून काढून घ्यायची.

सुरुवात शुझेन्जीपासून केली. दरीत वसलेलं जुनं गाव, मधून खळाळती नदी, तिच्यावर लाल पूल, आणि पायऱ्या चढून वर जुनं देऊळ. त्या पायऱ्यांबद्दलही तुम्ही बरंच बोलायचात. आईने वॉकर खाली ठेवला, कठडा धरला, आणि चढली. मध्ये थांबून एका म्हाताऱ्या जपानी बाईकडे बघून हसली, ती बाईही दम खात थांबलेलीच होती. वर देवळासमोर आईने हात जोडले तेव्हा मी मनात म्हणत होते, बघा. बघा म्हणावं. बांबूच्या बनातून गेलेली वाट तिला फार आवडली. मध्ये बांबूचा एक मोठा गोल बाक आहे, लोक त्यावर आडवे होऊन आकाश बघतात. आईही चपला काढून आडवी झाली. मी तिचा फोटो काढला, आणि खरं सांगते, मनात तो तुम्हांला पाठवला.

राहायला गरम पाण्याच्या झऱ्याचं हॉटेल घेतलं होतं. तिथे बायकांच्या कुंडात सगळ्या बायका विवस्त्र उतरतात. मी संकोचाने कडेलाच घुटमळत होते, मला वाटलं आई येणारच नाही. ती आली, कठड्यावर बसली, तो बारीक पाय आधी पाण्यात सोडला, मग स्वतःला. मान मागे टेकवली आणि दोन्ही पाय पाण्यावर तरंगू दिले. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. मला तेव्हा तिच्या त्या सराईतपणाचं आश्चर्य वाटलं, पण माझं लक्ष तुमच्यावर होतं, तिच्यावर नव्हतं. मी तो प्रश्न तसाच सोडून दिला.

जोगासाकीचा किनारा म्हणजे ओमुरोतून वाहून आलेला लाव्हा समुद्राला भिडून जिथे तुटला ती जागा. काळे उभे कडे, खाली फेसाळणारं पाणी, आणि दोन कड्यांच्या मध्ये झुलता पूल. तुम्ही म्हणायचात, हा आपल्या सह्याद्रीचा चुलतभाऊ, आपलाच काळा दगड, फक्त आपला म्हातारा आणि हा कालचा पोर. पूल हलतो. आईने एका हाताने दोर धरला, दुसरा हात गुडघ्यावर, आणि निघाली. मी मुद्दाम मागे राहिले. ती पुढे, मी मागे. पलीकडून येणारं एक तरुण जोडपं तिला बघून कडेला सरकून उभं राहिलं, ती गेल्याशिवाय हललं नाही. मधोमध आल्यावर ती थांबली आणि खाली बघू लागली. मी विचारलं, भीती वाटते का. ती म्हणाली, "नाही गं. पाणी काय सुंदर निळं आहे."

मग ओमुरो. बसमधून वळणावर तो दिसला, अगदी चादरीवर होता तसाच. हिरवी उपडी वाटी. आईला पायथ्याशी बसवायचं, तिथूनच डोंगर दाखवायचा, आणि मी एकटीने चढून यायचं, असं मी ठरवून आले होते. तुमच्यापेक्षा लवकर, दम न खाता. मी चांगले बूट आणले होते. घरी रोज ट्रेडमिलवर चढ लावून चालत होते. तिकीटघराच्या बाहेर पांढरे हातमोजे घातलेला एक वयस्क कर्मचारी उभा होता, त्याला मी माझ्या मोडक्या जपानीत विचारलं, पायवाट कुठून सुरू होते? त्याने दोन्ही हातांची फुली केली. पायी नाही. मला वाटलं, मलाच नीट विचारता आलं नाही. पुन्हा विचारलं. त्याने सावकाश समजावलं की या उतारावर कोणालाच चालू देत नाहीत, गवताची नासधूस होते. वर जायला खुर्च्या आहेत. आणि त्याने मागे बोट दाखवलं. दोराला लटकलेल्या दोनदोन माणसांच्या खुर्च्या एकामागून एक शांतपणे त्या उपड्या वाटीवरून वर चालल्या होत्या.

मी विचारलं, हे कधीपासून? तो हसला. म्हणाला, मी पोरसवदा असताना इथे कामाला लागलो तेव्हाही लोक खुर्चीतूनच जायचे. तुमच्या वर्षाचा मी हिशेब केला आणि तिथेच, त्या रांगेत, मला हसू फुटलं. मागची माणसं बघायला लागली. बाबा, तुम्ही बसून गेलात. पाय लोंबकळत, मांडीवर पिशवी धरून, गार वारा खात, तुम्ही बसून गेलात.

त्या माणसाने आईसाठी खुर्चीचा वेग कमी केला, तिला हात दिला, आणि आम्ही दोघी जमिनीवरून उचलल्या गेलो. वर निघालो की दिसतं ते एवढंच, पायाखालून मागे सरकणारं गवत. आईचे दोन्ही पाय हवेत लोंबत होते आणि तसे लोंबताना कोणता कोणता ते कळतही नव्हतं. वर वाटीच्या काठावरून गोल फिरायला वाट आहे, खाली मध्ये खोलगट हिरवं विवर आहे. कडेला लाल लाळेरी बांधलेल्या दगडी मूर्ती बसल्यात. समुद्र होता, त्यात एक निळं बेट होतं, आणि ढगांतून फुजीचं टोक येत-जात होतं. मी आईला बाकावर बसवलं आणि सांगितलं, आई, ते चढलेच नव्हते. इथे कोणीच चढत नाही. ते खुर्चीत बसून आले होते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांचं काहीतरी आता बाहेर येईल, अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "असं होय?" आणि थोड्या वेळाने, "खाली आइस्क्रीम मिळतं का बघू या."

माझं तेवढ्यावर भागलं नाही. परत आल्यावर, डिसेंबरात, एका शनिवारी दुपारी मी आमच्या बेसमेंटमध्ये पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, ठेवलं आणि जपानचे फोटो दाखवायचं ठरवलं. इथली ओळखीची मराठी कुटुंबं आली. तुमचा एक जुना विद्यार्थी इथे जवळच राहतो, त्यालाही आग्रहाने बोलावलं. तो आता स्वतः रिटायर झालाय, पण सर म्हटलं की अजून सावरून बसतो. तो येणार याची मी आधी खात्री करून घेतली होती. त्याच्याशिवाय मजा नव्हती.

मोठ्या टीव्हीवर एकेक फोटो येत गेला. शुझेन्जी, बांबू, झुलता पूल. मग मी ओमुरो दाखवला आणि तुमची गोष्ट सांगितली, तुमच्याच शब्दांत, मखमलीच्या वाटीसकट, दोनदा दम खायला बसल्यासकट. विद्यार्थी खूश होऊन मान डोलवत होता, वर्गात आम्हांला सरांनी हे सांगितलंय, असं शेजारच्याला म्हणाला. मग मी पुढचा फोटो लावला. खुर्चीत बसलेली आई, पाय हवेत, पदर खोचलेला, आणि मागे रिकाम्या खुर्च्यांची रांग. सांगितलं की वर जायचा हा एकच मार्ग आहे. माझी कॉलेजातून सुट्टीला आलेली मुलगी म्हणाली, "वेट. सो आजोबा जस्ट मेड इट अप?"

विद्यार्थ्याचा चेहरा पडला. तो म्हणाला की त्या काळात नियम वेगळे असतील, सर पायीच गेले असणार. मग तो आईकडे वळला. "काकू, तुम्हांला आठवत असेल. सर पायीच गेले होते ना?"

सगळे आईकडे बघायला लागले. मला माहीत होतं ती काय करणार ते. जन्मभर तिने तेच केलं होतं, तुम्हांला सांभाळून घेतलं होतं. हो, पायीच गेले होते, एवढं ती म्हणाली असती की तुम्ही सुटला असतात. आई वॉकरच्या सीटवर बसली होती. तिने हातातली प्लेट मांडीवर ठेवली. "असतील गेले," ती म्हणाली. "मला काय माहीत? मी कुठे होते बरोबर?"

आधी एकजण हसली, मग दोघीतिघी, मग बेसमेंट भरून हसू आलं. ते हसू मी ओळखलं. माझ्या कानांना ते दहाव्या वर्षापासून पाठ होतं, या वेळी ते तुमच्यावर होतं एवढंच. ते गोड लागलं, बाबा. ते कसं गोड लागलं हे तुम्हांलाच कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई किचनमध्ये मेथी निवडत होती. बाहेर रात्रभर पडलेलं बर्फ. मी चहा घेऊन तिच्यासमोर बसले आणि विचारलं, काल कसं वाटलं? मला ते पुन्हा एकदा चाखायचं होतं. ती म्हणाली, "तुझं अजून किती दिवस चालणार आहे गं त्यांचं?" मी म्हटलं, त्यांनी तुला नेलं नाही आणि वर चारचौघांत हसले, ते मी कसं विसरू. तिने मेथीची एक काडी मोडली.

"तुला काय वाटतं, मला जायचं होतं?" ती म्हणाली. "रोज देवाला सांगत होते, यांना मला विचारायची बुद्धी होऊ देऊ नकोस."

मग तिने सांगितलं. तुम्ही जपानला गेल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारच्या मावशींनी तिला नगरपालिकेच्या तलावावर, बायकांच्या वेळेला नेलं होतं. मला मावशींच्या घरी अभ्यासाला बसवून दोघी जायच्या. मला वाटायचं आई देवळात जाते. ती वर्षभर पोहली. आधी कडेला धरून, मग सुटून, मग तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "पाण्यात कोण लंगडतं?" ती म्हणाली. तुम्ही आलात आणि तिचं जाणं थांबलं. मी विचारलं, बाबांना सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तेही त्यांनी लोकांना हसून सांगितलं असतं. माझं ते चांगलं होतं, म्हणून ठेवलं." माझा चहा गार झाला होता. मी म्हटलं, मग मी जपानला कोणासाठी गेले? तिने निवडलेली मेथी चाळणीत टाकली. "ते तू बघ. मला तर ट्रिप आवडली."

तेव्हापासून मी तेच बघते आहे. आईचा सूड तिने त्याच वर्षी घेऊन टाकला होता, तलावाच्या पाण्यात, पोहत पोहत, आणि तुमच्या लक्षातही आलं नाही. त्यात माझी गरजच नव्हती. मग उरलं कोण? तुम्ही जपानला निघालात ती सकाळ मला आठवते. मी माझं दप्तर रिकामं करून त्यात दोन फ्रॉक आणि कंपासपेटी भरली होती, आणि बूट घालून दारात उभी होते. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. तुम्ही बॅग उचललीत, माझ्या डोक्यावर हात ठेवलात, म्हणालात, आईला त्रास देऊ नकोस, आणि रिक्षात बसलात. माझ्या पाठीवरचं दप्तर तुम्हांला दिसलं नाही. रविवार होता.

पत्ता असता तरी हे मी तुम्हांला पाठवलं नसतं. तुमच्यावर हसले ते तुम्ही खुशाल ऐका, पण हे शेवटचं तुम्हांला कळावं अशी माझी इच्छा नाही. आईला नेलं नाहीत, त्याला तुमच्याकडे निदान सांगण्यासारखं कारण होतं. माझे दोन्ही पाय धड होते, बाबा.